शून्याचा ओ

पुण्यात वाढलेल्या माणसाला एका अक्षराची किंमत वेगळी शिकवावी लागत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आख्यायिका अशी, की राघोबादादांनी गारद्यांना दिलेल्या हुकमात ‘धरावे’ होतं आणि आनंदीबाईंनी त्या ‘ध’चा ‘मा’ केला. इतिहासकार या गोष्टीला पुरावा मागतात. आम्ही प्रोग्रॅमर मागत नाही. अक्षर एकच बदललं, दुसऱ्या कुणी ते नजरेखालून घातलं नाही आणि मजकूर थेट अंमलबजावणीला गेला, हे आमच्याकडे दर पंधरवड्याला होतं. फरक इतकाच, की आमच्या ऑफिसात आनंदीबाई नाहीत. आमच्याकडे फॉन्ट आहे.

झालं असं. हिंजवडीला मी रोज दहा तास काढतो. त्यातले आठ ऑफिसात आणि दोन ऑफिसच्या अलीकडच्या चौकात. तिथे आम्ही हाउसिंग सोसायट्यांची मेंटेनन्सची बिलं काढणारा एक प्रोग्रॅम सांभाळतो. एके सकाळी वाकडच्या एका आजोबांचा फोन आला. बिलात त्यांच्या नावावर ३०१ महिन्यांची थकबाकी निघाली होती.

“अहो, पंचवीस वर्षांपूर्वी इथे पेरूची बाग होती,” आजोबा म्हणाले. “मेंटेनन्स भरायचा कुणाकडे, माळ्याकडे?”

आम्ही चौघं कॉन्फरन्स रूममध्ये जाऊन बसलो. संशयित ओळ भिंतीवर मोठी करून लावली. अर्थ सरळ होता : आधीचे थकलेले महिने अधिक एक. चौघांनी मनात वाचली. मग एकाने मोठ्याने वाचली. मग चौघांनी मिळून म्हटली, आता फक्त टाळ हवे होते. तीन तास गेले, दोनदा चहा आला, ओळ निर्दोष ठरली. एवढ्यात जूनमध्ये नव्याने लागलेली मुलगी दारातून डोकावली आणि म्हणाली, “सर, महिन्यांत एल कशाला मिळवलाय?”

आम्ही तिच्या लॅपटॉपवर जाऊन बघितलं. तिथे तो आकडा नव्हताच. तो स्मॉल एल होता, खाली उजवीकडे ऐटीत शेपटी वळवून बसलेला. एल म्हणजे लिफ्टचा आकार, महिना ३०० रुपये. कुणीतरी लिफ्टला नुसतं ‘एल’ असं नाव ठेवलं होतं. हा ‘कुणीतरी’ नोकरी सोडून गेलेला आहे. आमच्या धंद्यात सोडून गेलेल्या माणसाइतका उपयोगी माणूस नाही, सगळी पापं त्याच्या नावावर जमा होतात. पुढे दुसऱ्या कुणाला तिथे एक लिहायचा होता, एडिटरने अदबीने एल सुचवला, त्याने तितक्याच अदबीने तो स्वीकारला. आमच्या चौघांच्या पडद्यांवर कुरियर न्यू हा फॉन्ट होता आणि त्यात एक आणि एल म्हणजे दिवाळीला एकाच ताग्यातले शर्ट शिवलेले भाऊ.

वास्तविक हे जगाला ठाऊक आहे. पायथन या भाषेचे लेखनशैलीचे नियम २००१ साली मांडले गेले, त्यांत स्वच्छ बजावलंय, की धाकटा एल, थोरला ओ आणि थोरला आय ही एकाक्षरी नावं कशालाही ठेवू नका, काही फॉन्टांत ती एक आणि शून्यापासून वेगळी ओळखता येत नाहीत. (स्मॉलला धाकटा आणि कॅपिटलला थोरला म्हणायची माझी सवय आहे. शनिवारवाड्याच्या जवळ राहिल्याचा परिणाम.) हा नियम आमच्या ऑफिसात सगळ्यांनी वाचलाय. औषधाच्या खोक्यातली घडीची पत्रिका आपण जशी वाचतो, तसा.

त्या रविवारी साताऱ्याला आत्याकडे गेलो होतो. आत्या कचेरीतून टंकलेखक म्हणून निवृत्त झाली. तिचं इंग्रजी फिफ्टी आणि मराठी फोर्टी झालेलं. टायपिंगच्या परीक्षा दिलेल्या पिढीला या आकड्यांचा अर्थ विचारायची गरज नाही, लग्नाच्या बाजारात ते पत्रिकेच्या शेजारी लिहीत असत. तिला मी माझं दुःख सांगितलं.

“आत्या, एक आणि एल अगदी सारखे दिसत होते गं.”

“मग? सारखेच असतात.”

“असं कसं?”

“आमच्या मशीनवर एकचं बटणच नव्हतं. एक हवा असला की एल मारायचा. सत्तावीस वर्षं पगारपत्रकं केली मी तशी. कुणाचा एक गेला नाही की एल गेला नाही.”

मी उडालोच. नंतर शोधून पाहिलं तर आत्याचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं. जुन्या काळच्या पुष्कळ इंग्रजी टाइपरायटरांवर एक हा आकडाच नसे, एल तेच काम करी. काहींवर तर शून्यही नसे, थोरला ओ मारून भागवत. म्हणजे आमच्या तीन तासांना आणि दोन चहांना कारण झालेली गोष्ट कुणाची चूक नव्हती, ती बचत होती. दोन बटणं वाचवली, तुम्हीआम्ही ओळखून घेऊ या भरवशावर. आत्या आणि तिचे साहेब माणसं होती, त्यांनी ओळखून घेतलं. कॉम्प्युटर ओळखून घेत नाही. त्याला एल म्हटलं की तो लिफ्टच घेऊन येतो.

आमचा कुरियरही याच घराण्यातला. हॉवर्ड केट्लर यांनी तो १९५५च्या सुमारास आयबीएमच्या टाइपरायटरांसाठी काढला. टाइपरायटरचं गाडं दर ठोक्याला एक घर सरकतं, मग अक्षर काडीसारखा आय असो की चार पाय पसरलेला डब्ल्यू. म्हणून प्रत्येक अक्षराला जागा सारखी. पंगतीतल्या पाटासारखा हा हिशोब आहे. सहा वर्षांची चिमी असो की वरपक्षाकडचे अजस्र काका, पाट एकच. चिमी पाटावर हरवते, काका पाटाबाहेर सांडतात, पण वाढप्याला प्रत्येक पान कुठे आहे हे डोळे मिटून कळतं.

पुस्तकातला, वर्तमानपत्रातला फॉन्ट वेगळ्या तत्त्वावर चालतो. तिथे मुंबईच्या लोकलची चौथी सीट असते. आय बारीक आहे ना, मग सरक बाबा थोडा, एमला टेकू दे. सगळे अंग चोरून बसतात आणि ओळ सुबक दिसते. वाचायला ते सुखाचं, हे खरं. पण प्रोग्रॅमरला एकाखाली एक आकडे लावायचे असतात, कंसाखाली कंस आणायचा असतो. पायथनमध्ये तर ओळ किती घरं आत सरकवली यावर अर्थ ठरतो. चौथ्या सीटच्या हिशोबात कोण किती सरकलंय याचा पत्ता लागत नाही. म्हणून टाइपरायटर भंगारात गेले तरी आम्ही पाट सोडले नाहीत. नुसते पाटच कशाला, पंगतही तीच. आयबीएमने १९२८ साली पंचकार्डावर ८० रकाने केले, आणि अजून कित्येक एडिटरांत ऐंशीव्या घरापाशी एक फिकट उभी रेघ मारलेली असते. पंचकार्ड कधी डोळ्यांनी न पाहिलेली पोरं तिच्याअलीकडे थांबतात. आजीने सांगितलं म्हणून तिन्हीसांजेला केर काढत नाहीत, त्यातलंच हे.

सोमवारी ऑफिसात ठराव झाला : फॉन्ट बदलायचा. पाच जणांची समिती नेमली गेली आणि प्रोग्रॅम लिहिण्याचं काम तीन आठवडे थांबलं.

लगेच पंथ पडले. एक पंथ कन्सोलासवाल्यांचा. हा फॉन्ट लुकास दे ग्रोत या डच कारागिराने केला आणि २००७ साली तो विंडोज व्हिस्टाबरोबर घराघरांत पोचला. व्हिस्टा कुणाला आवडलं नाही, कन्सोलास सगळ्यांना आवडला. सासर बुडालं, सून टिकली. याच दे ग्रोतने कॅलिब्रीही काढला आणि त्या कॅलिब्रीने २०१७ साली पाकिस्तानात खळबळ उडवली. पनामा प्रकरणात पंतप्रधानांच्या घरून सादर झालेल्या एका दस्तऐवजावर तारीख २००६ची आणि अक्षर कॅलिब्रीचं! सर्वसामान्यांच्या हाती जो फॉन्ट २००७ साली पडला, तो आदल्या वर्षीच्या कागदावर कसा, असा प्रश्न तपास पथकाने काढला. आमच्या कन्सोलासवाल्याने ही गोष्ट समितीला दोनदा सांगितली. दुसऱ्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर असा भाव होता, की फॉन्ट त्यानेच पकडून दिला.

दुसरा पंथ मॅकवाल्यांचा. त्यांचा मोनॅको १९८४च्या पहिल्या मॅकपासूनचा, सुझन केअर यांनी केलेला, २००९पासून त्याच्या जोडीला मेन्लो आला. मॅकवाले वाद घालत नाहीत. ते फक्त तुमच्या पडद्याकडे बघतात आणि हळूच चष्मा पुसतात. तिसरा पंथ २०२० साली आलेल्या जेटब्रेन्स मोनोचा. त्यात धाकट्या अक्षरांची उंची वाढवलेली आहे, टाचांचे बूट घालून फोटोला उभं राहिल्यासारखी. एक जण चक्क कॉमिक सॅन्सच्या वळणाचा फॉन्ट वापरत होता, खिडकीकडे पाठ करून, कुणी पाहू नये म्हणून. हसू नका. त्यातली अक्षरं हाताने काढल्यासारखी वेडीवाकडी, म्हणूनच एकासारखं दुसरं दिसत नाही. जुळ्यांच्या आईला विचारा, ती त्यांना ओळखते ती एकाच्या मोडक्या दातावरून.

खरी लढाई जुंपली ती फायरा कोडवरून. या फॉन्टात दोन-तीन चिन्हं शेजारी आली की त्यांचं एकच चिन्ह होतं. आडवी रेघ आणि ‘पेक्षा मोठा’चं चिन्ह लिहिलं की नीट बाण उमटतो. उद्गारचिन्ह आणि बरोबरचं चिन्ह लिहिलं की बरोबरवर काट मारलेली दिसते. त्याचे भक्त हे असं दाखवतात, जणू ओंजळीतून कबूतर काढलं. मराठी माणसाला जोडाक्षराचं काय कौतुक? आपण ‘क’ आणि ‘ष’ एकत्र आणून ‘क्ष’ केला आणि त्यात दोघांपैकी एकही ओळखू येत नाही.

मी समितीत मोडीचा दाखला दिला. मोडी लिहिताना हात उचलावा लागत नसे. शब्दाशब्दांत अंतर नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, लेखणी सुटली की सुटली. लिहिणाऱ्याची चैन आणि वाचणाऱ्याची परीक्षा. दप्तराला ते चाललं. पण पोथी लिहायची वेळ आली की आपले पूर्वज मुकाट्याने बाळबोधीत येत, एकेक अक्षर सुटं, टपोरं. प्रोग्रॅम एकदा लिहिला जातो आणि शंभरदा वाचला जातो, तेव्हा ती पोथी समजायची की दप्तर? यावर फायरावाला म्हणाला, “सर, मोडी कुठल्या फॉन्टात मिळते?” विषय तिथेच संपला.

मग शून्य. रिकामं शून्य आणि थोरला ओ यांतला घोळ मिटवायला जगात दोन उपाय आहेत. एक म्हणजे शून्याच्या पोटात ठिपका. आमच्याकडे याला टिकलीवालं शून्य म्हणतात. दुसरा, शून्यावरून तिरकी रेघ, वर उजवीकडून खाली डावीकडे. समोर बसलेल्या गुरुजींचं जानवं नेमकं असंच दिसतं, डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेला. तर हे मुंज झालेलं शून्य. काही फॉन्टांत मात्र ती रेघ उलटी असते. तो फॉन्ट पाहिल्यावर समितीतला एक जण चटकन म्हणाला, “हा अपसव्य आहे, हा फक्त पक्षपंधरवड्यात वापरायचा.” नॉर्वे आणि डेन्मार्कच्या लोकांची आणखी वेगळी पंचाईत. त्यांच्या लिपीत ओवर तिरकी रेघ असलेलं एक खरंखुरं अक्षरच आहे. तिथे मुंज लावून शून्याला सोडवावं, तर ते तिसऱ्याच घरात दत्तक जातं.

या सगळ्यात मला मराठीचा पुळका आला. प्रोग्रॅममधल्या टिपा मी मराठीत लिहायला लागलो आणि एडिटरची पंगत विस्कटली. एका पाटावर एक अक्षर हा नियम देवनागरीला कसा मानवणार? आमच्या एका अक्षराच्या डोक्यावर वेलांटी, पायाशी उकार, कडेवर अर्धा ‘र’. ते एक माणूस नसतंच, अख्खं कुटुंब जेवायला आलेलं असतं. इंग्रजीच्या फॉन्टात देवनागरी सापडली नाही की कॉम्प्युटर परस्पर दुसरा फॉन्ट उसना आणतो. माझ्या पडद्यावर तो बहुधा मंगल असतो, मराठी कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी केलेला. तो येतो तो आपल्या घरंदाज चालीने आणि बसतो आपल्याला हवी तेवढी जागा घेऊन. पाटाकडे बघतसुद्धा नाही.

आपल्याकडेही जुळी आहेत. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’. आणि सगळ्यांत खोडकर ‘ख’. ‘र’ आणि ‘व’ जरा जवळ आले की वाण्याच्या यादीतला रवा ‘खा’ होऊन बसतो. हल्लीच्या छपाईत म्हणून ‘ख’मधल्या ‘र’ची शेपटी खाली ‘व’ला जोडून टाकतात. हे लक्षात आलं आणि मी थबकलो. त्या मुलीच्या पडद्यावरच्या एललाही शेपटीनेच वाचवलं होतं. सातासमुद्रांपलीकडच्या कारागिरांना आणि आपल्या छापखान्यांना एकाच दुखण्यावर एकच औषध सुचलं.

तीन आठवड्यांनी समितीकडे सहा फॉन्ट उरले आणि पाच मतं. मी एक उपाय केला. आमच्या प्रोग्रॅममधलाच वीस ओळींचा तुकडा सहा फॉन्टांत सहा कागदांवर छापला आणि साताऱ्याला गेलो. आत्याला प्रोग्रॅमिंगमधलं ओ की ठो कळत नाही. पण सत्तावीस वर्षं तिने दुसऱ्याने लिहिलेलं इंग्रजी बघून टंकलंय, आणि आयुष्यभर अक्षर वाचून झालेल्या माणसाइतका परखड परीक्षक नाही.

आत्याने चष्मा लावला, शेंगांची परात बाजूला सारली आणि पहिला कागद घेतला. दोन ओळी झाल्या नाहीत तोच, “हा ओ की शून्य?” तो कागद बाद. दुसऱ्यावर, “इथे मुंग्या लागल्यात.” बाद. तिसरा फायरा कोडचा. “हा बाण कुठे जायला सांगतोय?” मी तो गुपचूप घडी करून खिशात घातला.

चौथ्या कागदावर ती काहीच बोलेना. एक मिनिट गेलं, दोन गेली. मला वाटलं डुलकी लागली. मग तिने बोट ठेवलं.

“इथे बेरजेत पाण्याचे पैसे धरलेत?”

शब्द वॉटर चार्जेस असा स्पष्टच होता. मी हो म्हणालो.

“मग खाली चार ओळींनी परत का धरलेत? तुमच्या सोसायटीत पाणी दोनदा पितात?”

मी कागद ओढून घेतला. धरले होते. दोनदाच धरले होते. आम्ही पाच जणांनी हा तुकडा तीन आठवडे सहा फॉन्टांत रोज पाहिला होता. एलच्या शेपट्या मापल्या होत्या, शून्याच्या मुंजी लावल्या होत्या, महिरपी कंसांच्या कमरा तपासल्या होत्या. ओळीत काय लिहिलंय ते वाचायला कुणी सवड काढली नव्हती. वाकडच्या आजोबांना अजून ते सापडलेलं नव्हतं, ही देवाची कृपा.

उरलेले दोन कागद मी दाखवलेच नाहीत. पहिल्या तीन कागदांवर आत्याला अक्षरं दिसत होती, चौथ्यावर तिला हिशोब दिसला. फॉन्टाची याहून दुसरी परीक्षा माझ्या डोक्यात येईना. शनिवारवाड्यातली ती चिठ्ठीही गारद्यांच्या हाती जाण्याआधी कुणी आत्याला दाखवायला हवी होती. तिने अक्षर कुणाचं, वळण कसं, हे बघितलंच नसतं. तिने विचारलं असतं, “धरलाय तो पोराला, मग मारायचं कशाला?”

“हा चांगलाय,” कागद परत देत आत्या म्हणाली. “आमच्या मशीनच्या वळणाचा वाटतो.”

तिचा डोळा चुकला नव्हता. ज्या आयबीएमच्या टाइपरायटरांसाठी कुरियर जन्मला, त्याच कंपनीने २०१७ साली तो चौथा फॉन्ट काढलाय. एलला शेपटी, एकला खाली पाट, शून्याला टिकली. मी तिला हे सगळं समजावून सांगितलं.

“नाव काय त्याचं?” परत शेंगा पुढ्यात ओढत तिने विचारलं.

“प्लेक्स मोनो.”

“मोनो म्हणजे?”

“मोनो म्हणजे एक.”

“म्हणजे एल,” आत्या म्हणाली आणि शेंग फोडली.